विकणें आहे : एक वापरलेली विद्युत्-गिटार

‘विकणें आहे’ या दोन शब्दांखालीं मनुष्य जितकें असत्य लिहितो तितकें तो लग्नाच्या बोलाचालींतही बोलत नसेल, असें आमचें फार दिवसांपासूनचें मत होतें. ‘उत्तम स्थितींत’, ‘अगदीं घरगुती वापर’, ‘जवळजवळ नवी’, ‘डॉक्टरांनीं वापरलेली’ हीं विशेषणें वाचून आम्ही हंसत असूं. गेल्या चैत्रांत तो मथळा आमच्याच हातानें लिहिण्याची पाळी आली, आणि तें हंसणें बंद झालें.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. त्याची विद्युत्-गिटार येथें सांगलीस, आमच्या घराच्या माडीवर, कपाटाच्या कडेस आपल्या काळ्या पेटींत कित्येक वर्षें उभी होती. दसऱ्याच्या झाडलोटींत ती पेटी पुसली जाई आणि खंडेनवमीस तिला हळदकुंकू लागे; याहून अधिक तिची कोणी विचारपूस करीत नव्हतें. मग एका रविवारीं मुलाचा फोन आला. “बाबा, ती गिटार आतां विकून टाका. मी तिकडे येऊन वाजवीन असें कांहीं होत नाहीं. नुसती उभी राहून खराब होईल. तुम्ही फक्त तिची कंडिशन लिहून पाठवा आणि चार फोटो काढा. बाकीचें मी इकडून बघतों.” एकतीस वर्षें मुलांचे निबंध तपासण्यांत गेलेल्या माणसास चार ओळींचें काय भय? संध्याकाळपर्यंत पाठवितों म्हणून आम्हीं सांगितलें. त्या चार ओळींस आठ दिवस लागले.

ज्या वाचकांच्या घरीं सतार किंवा तंबोरा आहे त्यांस प्रथम या वाद्याचा उलगडा करून देणें अवश्य आहे. आमच्या पिढीस गिटार माहीत झाली ती व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवरून, आणि पुढें १९६७ सालीं निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडींतील ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनावरून. हे वादक गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूचा तुकडा घसरवीत वाजवीत. विद्युत्-गिटारीचें मूळही त्याच हवाइयन पद्धतींत आहे. अमेरिकेंत जॉर्ज बीचम नांवाच्या वादकानें १९३१ सालीं अशी युक्ति काढली कीं, पोलादी तारांपाशीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें ठेवावें. तार कांपली म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रांत चलबिचल होते, वेटोळ्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि तो वाढवून कर्ण्यावाटे ऐकतां येतो. फॅराडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमाचा बरोबर शंभर वर्षांनीं झालेला हा उपयोग. बीचम व त्याचा भागीदार अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांचें तें वाद्य अ‍ॅल्युमिनियमचें असून त्याचा आकार असा होता कीं लोकांनीं त्यास ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, हेंच नांव दिलें. त्याचें पेटंट १९३७ सालीं मिळालें.

तंबोऱ्याचा नाद भोपळ्यांत भरतो. या गिटारीस भोपळा नाहीं आणि पोकळ पेटीही नाहीं. तिचें अंग भरीव लाकडाचें. पोकळ गिटारीस वीज जोडली कीं कर्ण्याचा आवाज फिरून तिच्या पोकळींत शिरतो आणि शिट्टी घुमूं लागते. म्हणून लेस पॉल नांवाच्या वादकानें १९४० च्या सुमारास चक्क एका चौकोनी वाशावर तारा ताणून प्रयोग केला, आणि १९५२ सालीं गिब्सन कंपनीनें त्याच्या नांवाची भरीव गिटार बाजारांत आणली. आमच्या मुलाची गिटार त्याच घाटाची, परंतु आशियांतील कारखान्यांत तयार झालेली व सामान्य गृहस्थाच्या ऐपतींतली होती. २००९ सालीं आम्हीं तिला साडेपंधरा हजार रुपये मोजले. त्यांतले तीन हजार त्याच्या आजीचे होते. अशी गिटार वीज न जोडतां वाजविली तर शेजारच्या खोलींतही ऐकूं जात नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येतो.

मुलानें फोनवरच तपासणीचा क्रम सांगितला होता. आयुर्वेदांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध सांगितली आहे. आम्हींही तोच मार्ग धरला.

दर्शनानें जें आढळलें तें फारसें भयंकर नव्हतें. सुमारें चार किलो वजनाचें तें धूड पेटींतून काढून खिडकीशीं नेलें. रंग मध्यभागीं मधासारखा पिवळा व कडेस काळसर तांबडा; या रंगसंगतीस ‘सनबर्स्ट’ म्हणतात. पाठीवर कमरेच्या पट्ट्याच्या बकलानें पडलेले ओरखडे आहेत, एका कडेस दाराच्या चौकटीवर आपटून टवका उडाला आहे, आणि घोडीवरचा चकाकता मुलामा जेथें तळहात टेकतो तेथें घामानें मंदावला आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आमच्या खालच्या खोल्यांत शिरलें होतें. गिटार माडीवर असल्यामुळें भिजली नाहीं. परंतु त्यानंतरचे कित्येक दिवस घरांत जी ओल राहिली तिचा परिणाम स्क्रूंच्या डोक्यांवर तांबेऱ्याच्या रूपानें दिसतो. सांगलीकडची जुनी वस्तु घेणारा आतां पहिला प्रश्न पुराचाच विचारतो, म्हणून हें टिपून ठेविलें.

ओरखड्यांविषयीं मात्र आम्हांस एक चमत्कारिक गोष्ट कळली. वापराचीं हीं चिन्हें या बाजारांत दोष मानलींच जातात असें नाहीं. फेंडर ही दुसरी मोठी अमेरिकन कंपनी. तिनें १९९५ च्या सुमारास ‘रेलिक’ नांवाच्या गिटारी काढल्या. त्या कोऱ्या असतात, पण कारखान्यांतच त्यांचा रंग खरवडून, धातूस गंज चढवून, जुन्या दिसतील अशा केलेल्या असतात, आणि त्यांस साध्या नव्या गिटारीहून अधिक किंमत पडते! नव्या लुगड्यास ठिगळ लावून तें महाग विकावें तशांतला हा प्रकार आहे. उलट पक्षीं खऱ्या झिजेसही मोल आहेच. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या डेव्हिड गिल्मर यांनीं १९७० सालीं घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९ सालीं न्यूयॉर्क येथें क्रिस्टीच्या लिलांवांत ३९ लक्ष ७५ हजार डॉलरांस गेली. त्या गिटारीची मान अनेकदां बदललेली, पिकप बदललेले, अंगांत भोंकें पाडून मागाहून बुजविलेलीं. पण यांतलें एकूण एक आधीं जाहीर केलेलें होतें. घेणाऱ्यानें तें वाचून पैसे दिले. आमच्या मुलाच्या पट्ट्याच्या ओरखड्यांस कोणी डॉलर देणार नव्हतें, तरी ते लपविण्याचेंही कारण नाहीं असा आम्हांस धीर आला.

स्पर्शनाची पाळी पडद्यांची. सतारीचे पडदे वरून दोरीनें बांधलेले व सरकविण्याजोगे असतात. गिटारीचे पडदे म्हणजे शिसवी पट्टींत पक्के रोंविलेल्या धातूच्या बारीक तारा. वरून पोलादी तार दाबून दाबून त्यांत खळगे पडतात. बोटाचें नख पडद्यावरून फिरविलें तर ते डोळ्यांपेक्षां लौकर कळतात. खळगे थोडे असल्यास सगळे पडदे कानशीनें एका पातळीस आणून त्यांचे माथे पुन्हां गोल करतां येतात. फार खोल असल्यास पडदेच उपटून नवे घालावे लागतात आणि तो खर्च स्वस्त गिटारीस परवडत नाहीं. आमच्या तपासणींत पहिल्या तीन पडद्यांवर, बारीक तारांखालीं, स्पष्ट खळगे लागले. शिकणाऱ्याचे हात प्रथम तेथेंच असतात. पांचव्यापासून नवव्यापर्यंत थोडी झीज होती. बाराव्या पडद्याच्या पुढें मात्र नख सारखें घसरत गेलें. ते पडदे कारखान्यांतून आले त्या दिवशीं जसे होते तसेच होते. वाद्यावर कोण किती चढला याचा असा लेखी पुरावा राहतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही बराच वेळ तें नख फिरवीत बसलों.

मानेंत एक पोलादी कांब असते. सहा तारांच्या ओढीनें मान पुढें वाकूं पाहते, तिला ही कांब मागें खेंचून धरते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यानें तिच्या पेटंटासाठीं १९२१ सालीं अर्ज केला होता. मान सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबावी आणि मधल्या पडद्याशीं किती फट राहते तें पाहावें. कागद जाईल इतकी फट राहिली. उत्तम. विजेच्या भागांत आवाजाचें बटण फिरवितांना खरखर होई. आंतील कार्बनच्या पट्टीवर धूळ बसल्याची ती खूण. गल्लींतील रेडिओदुरुस्तीवाल्यानें फवारा मारून ती घालविली. पिकपांच्या जोड्या शाबूत. या जोडीची कल्पना सुंदर आहे: एकेका वेटोळ्यांत केसाहून बारीक तारेचे सुमारें पांच हजार वेढे, आणि दोन वेटोळीं परस्परविरुद्ध रीतीनें जोडलेलीं, त्यामुळें घरांतल्या विजेची गुणगुण एकांत अधिक तर दुसऱ्यांत तितकीच उणी होऊन नाहींशी होते, तारेचा नाद मात्र दुप्पट होतो. गिब्सनच्या सेथ लव्हरनें १९५५ सालीं ही युक्ति पेटंटासाठीं मांडली. दोन खोट्या गोष्टी एकमेकींस मारून सत्य शिल्लक राहतें असें प्रकृतींत क्वचित् घडतें. मनुष्यांत तर नाहींच.

येथवरचें सर्व आम्हीं एका बैठकींत लिहून काढलें. राहिली ती एक रेघ.

मस्तक, म्हणजे खुंट्या बसविलेला भाग, आणि मान यांच्या सांध्याशीं, मागल्या बाजूस, रंगाखालून तिरपी जाणारी एक रेघ आहे. या घाटाच्या गिटारींत ही जागा मूळचीच नाजूक. गिब्सनच्या मूळ घाटांत मस्तक १७ अंशांनीं मागें कललेलें असतें, त्यामुळें लाकडाच्या नसा तेथें आंखूड होतात. आणि कांबेची मळसूत्री टोपी फिरवितां यावी म्हणून नेमकें तेथेंच लाकूड कोरून काढलेलें असतें. गिटार पाठीवर पडली कीं जमिनीस प्रथम मस्तक लागतें, आणि तारांची ओढ राहिलेलें काम करते.

आमचीही तशीच पडली. १० जानेवारी २०११ चा तो दिवस आमच्या स्मरणांत आहे. मुलगा बारावींत होता. संध्याकाळीं माडीवर अभ्यासास बसे आणि वरून कांहीं आवाज येत नसे, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. त्या दिवशीं सहज वर गेलों तों हा खिडकीशीं पाठमोरा बसून, वीज न जोडतां, डोळे मिटून गिटार वाजवीत आहे. पुस्तक उघडें होतें. पान कोणतें तें आम्हीं पाहिलें नाहीं. आम्हीं त्याच्या हातांतून ती घेतली आणि कपाटाला टेंकून उभी ठेविली. ‘ठेविली’ असें आम्ही आजवर म्हणत आलों. ज्या जोरानें ठेविली त्यास मराठींत ठेवणें म्हणत नाहींत. गुळगुळीत फरशीवर ती घसरली. मस्तक एका बाजूस मोडून तारांवर लोंबूं लागलें. मुलगा एक शब्द बोलला नाहीं. खालून त्याच्या आईनें “काय पडलं हो?” म्हणून विचारलें, आणि “गिटार पडली,” असें आम्हीं उत्तर दिलें.

तिसऱ्या दिवशीं ती चादरींत गुंडाळून आम्ही एस्. टी. नें मिरजेस गेलों. मिरजेची सतारमेकर गल्ली बहुतेक वाचकांस नांवानें तरी परिचित असेल. तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. ज्या कारागिराकडे गेलों त्यानें असलें वाद्य पूर्वीं क्वचितच हातीं घेतलें होतें, पण लाकूड त्यास ओळखीचें होतें. त्यानें तुकडा मोडाशीं बसवून पाहिला, नाकाशीं नेला, आणि म्हणाला, “ताजं मोडलंय मास्तर. मधे धूळ गेली नाही, कुणी हात लावला नाही, हे सांधेल. आठ दिवस ठेवून आणलं असतंत तर नसतं सांधलं.” ऊन सरस लावून, शिकंजांत आवळून, दोन दिवस त्यानें ती तशीच ठेविली. सरसानें नीट बसलेला जोड पुढें लाकडाहून बळकट ठरतो, आणि पुन्हां मोडलें तर बाजूचें लाकूड मोडतें, असें त्यानें सांगितलें. गिटारी दुरुस्त करणाऱ्यांचाही हाच अनुभव आहे. त्यानें चारशें रुपये घेतले. मुलानें ती महिना-दोन महिने वाजविली. मग परीक्षा झाली, तो अभियांत्रिकीसाठीं पुण्यास गेला, आणि गिटार पेटींत गेली.

आतां जाहिरातींत हें कसें लिहावें? पहिल्या दिवशीं आम्हीं लिहिलें : ‘मानेवर किरकोळ रेघ आहे.’ रात्रीं तें खोडलें. दुसऱ्या दिवशीं लिहिलें : ‘एकदां पडली होती, दुरुस्त केलेली आहे.’ यांत असत्य कांहीं नव्हतें. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविल्यामुळें तें वाक्य आम्हांस टोंचूं लागलें. पडणें हें क्रियापद अकर्मक, पाडणें हें सकर्मक. तुटणें अकर्मक, तोडणें सकर्मक. मोडणें तर दोन्हीकडे चालतें. ‘गिटार मोडली’ या वाक्यांत मोडणारा कोठें बसला आहे हें कोणास दिसत नाहीं. अपराधी माणसास मराठी भाषेनें दिलेली ही मोठीच सोय आहे. वर्गांत कांचेचा पेला फुटला म्हणजे ‘सर, फुटला’ असें म्हणणाऱ्या मुलांस आम्ही कर्ता विचारीत असूं, आणि तो मिळेपर्यंत सोडीत नसूं.

आमचे एक वकील स्नेही रोज सायंकाळीं येतात. त्यांच्यापुढें हा प्रश्न ठेविला. ते म्हणाले, कायद्यानें तुम्ही मोकळे आहां. १८७२ च्या करारकायद्याच्या सतराव्या कलमाखालीं उदाहरणच आहे : एकानें दुसऱ्यास लिलांवांत घोडा विकला, घोडा सदोष आहे हें त्यास माहीत होतें, पण तो कांहीं बोलला नाहीं, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारा जर म्हणाला कीं, ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर मी घोडा निर्दोष समजेन,’ तर तेथें मौन हें बोलण्याइतकेंच आहे. मग आम्हीं आमचीं पोथ्यापुस्तकें काढलीं. स्मृतिकारांनीं घेतल्या मालाच्या पश्चात्तापाचें एक स्वतंत्र प्रकरणच केलेलें आहे. याज्ञवल्क्यानें परीक्षेसाठीं मुदती घालून दिल्या आहेत : बियाण्यास १० दिवस, लोखंडास १, ओझ्याच्या जनावरास ५, रत्नास ७, दुभत्या जनावरास ३. निर्दोष वस्तु दाखवून जो सदोष देतो त्याजकडून नारद दुप्पट किंमत देववितो आणि वर तितकाच दंड घेतो. आमच्या कामास सर्वांत आलें तें त्याचें वापरलेल्या वस्त्राचें गणित. एकदां धुतलेल्या वस्त्राची किंमत एक-अष्टमांशानें कमी होते, दोनदां धुतलेल्याची चतुर्थांशानें, तीनदां धुतलेल्याची तृतीयांशानें, आणि चार वेळां धुतलेल्याची निम्म्यानें. वापरून मळलेलें वस्त्र तर, सदोष निघालें तरी, घेणाऱ्यानें परत करूं नये असें तो म्हणतो; कारण घेणाऱ्यास तें उघड दिसत होतें.

वकिलांस हें फार आवडलें. आम्हांस मात्र त्यांतलें ‘उघड दिसत होतें’ एवढेंच लागलें. रेघ रंगाखालीं होती.

पांचव्या दिवशीं मुलाचा फोन आला. मसुदा कोठें अडला हें आम्हीं सांगितलें. तो पलीकडे थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, तुटून जोडली आहे हें पहिल्या ओळींत लिहा. जोडाचा फोटो जवळून, उजेडांत काढा. किंमत निम्मी सांगा. मस्तक जोडलेल्या गिटारीला साधारण निम्मीच येते.”

“आणि कशी तुटली?”

“पडली म्हणून लिहा. घेणाऱ्याला जोडाशीं काम.”

निम्मी किंमत! म्हणजे नारदाच्या हिशेबानें आमची गिटार चार वेळां धुऊन निघाली होती. आम्हीं सात हजार लिहिले. अखेरचा मसुदा असा झाला : ‘विकणें आहे. लेस पॉल घाटाची विद्युत्-गिटार, २००९ मध्यें घेतलेली. मस्तक २०११ मध्यें मोडलेलें असून मिरजेस सरसानें जोडलेलें आहे; जोड पक्का आहे, छायाचित्र पाहावें. पहिल्या तीन पडद्यांवर खळगे. पाठीवर ओरखडे, एक टवका. पुरांत भिजलेली नाहीं, स्क्रूंवर तांबेरा. विजेचें काम ठीक. रु. ७,०००. येऊन, वाजवून, पाहून घ्यावी.’ मुलानें त्यांतील एकच शब्द बदलला. ‘घाटाची’च्या जागीं ‘टाइप’ घातला. खरें म्हणजे ‘मोडलेलें’ हें आमचें कर्मणि धातुसाधित, आणि त्यांत कर्ता अजूनही आलेला नव्हता.

पुढच्या रविवारीं इचलकरंजीहून एक तरुण मोटारसायकलीवर आला. एका सूतगिरणींत फिटर आहे, रात्रीं मित्रांबरोबर वाजवितो. चहा नको म्हणाला. हात धुऊन, पुसून, मगच त्यानें गिटार मांडीवर घेतली, हें आम्हांस आवडलें. त्यानें आमच्या आठ दिवसांचें काम पांच मिनिटांत केलें : दांडीवरून एक डोळा मिटून पाहिलें, नख फिरविलें, बटणें फिरविलीं, मग मस्तक मुठींत धरून मागेंपुढें हलकेंच दाबलें व कान लावून ऐकलें. तेथें कांहीं करकरलें नाहीं.

“जोड भारी बसलाय, काका. हे काम कुणाचं?”

आम्हीं गल्ली सांगितली.

“बाराव्याच्या पुढचे फ्रेट मात्र कोरेच आहेत,” तो म्हणाला. “वाजवणाऱ्यानं मधेच सोडलेलं दिसतंय.” मग जोडावरून अंगठा फिरवीत त्यानें विचारलें, “पडली कशी?”

सौभाग्यवती त्याच वेळीं नको म्हटलेला चहा घेऊन दारांत उभ्या होत्या.

“पडली नाहीं,” आम्हीं म्हटलें. “आम्हीं पाडली. मुलगा अभ्यास सोडून वाजवीत होता, म्हणून त्याच्या हातांतून ओढून घेतली.”

त्या तरुणानें आमच्याकडे पाहिलें आणि पुन्हां जोडाकडे पाहिलें. “आमच्या वडिलांनी माझी विहिरीत टाकली होती,” तो सहज म्हणाला. “ती नाही सांधली.” सौभाग्यवतींनीं कप तिपाईवर ठेविला, “निवेल हो, घ्या,” एवढेंच म्हणाल्या, आणि आंत गेल्या. त्यांस हें केव्हांपासून ठाऊक होतें तें आम्हीं विचारलें नाहीं.

त्यानें घासाघीस केली नाहीं. पैसे मोजून दिले, पेटी पाठीस बांधली, आणि जोडाची जागा गाडीच्या धक्क्यानें हलूं नये म्हणून आमच्याकडून एक जुना पंचा मागून घेऊन तो मस्तकाखालीं घडी करून ठेविला. रात्रीं मुलास फोन करून व्यवहार झाल्याचें कळविलें. काय विचारलें, काय सांगितलें, तेंही कळविलें. तो म्हणाला, “बरं झालं.” मग जरा थांबून म्हणाला, “बाबा, जुन्याच तारांवर दिलीत? त्या गंजल्या असतील. नवा सेट घालून द्यायचा असतो.”

सोमवारीं सकाळीं आम्ही वाद्यांच्या दुकानीं गेलों. विद्युत्-गिटारीच्या तारांतही जाडीचे प्रकार असतात. मुलानें सांगितल्याप्रमाणें दहाच्या जाडीचा सहा तारांचा संच मागून घेतला, आणि इचलकरंजीचा पत्ता लिहून स्पीडपोस्टानें पाठवून दिला.